ओळखीच्या कॅप्टनकडे विमान शिकावं की शाळेत जाऊन?

तुमचं म्हणणं मला जे समजलं ते आधी मांडते. तुम्ही ठाण्याला राहता, वय ३७, आयटीतली नोकरी सोडायची नाही आणि एअरलाइनमध्ये जायचा विचारही नाही. छोटं विमान स्वतःला उडवता यावं, खाजगी वैमानिकाचा परवाना म्हणजे पीपीएल हातात असावा, एवढीच इच्छा आहे. ओळखीतले एक निवृत्त कॅप्टन म्हणतात, "शाळेच्या भानगडीत पडू नकोस. माझ्या मित्राचं टू-सीटर आहे, शनिवार-रविवार जाऊ, मी एकट्याला शिकवतो. पैसे एकरकमी दे, तासांचं मी बघतो." तुमचा न्यू जर्सीतला मामेभाऊ एका स्वतंत्र प्रशिक्षकाकडे असाच शिकला, त्यामुळे तुम्हाला हे पटतंय. त्यात बारामतीला एक शाळा पाहून आलात, तिथे एका विमानासाठी थांबलेली विशीतली दहा पोरं दिसली आणि तुमचा धीर सुटला.

मी फ्लाइंग इन्स्ट्रक्टर आहे, राहते पार्ल्यात, आणि नोकरी-धंदा सांभाळून शिकणारे तुमच्यासारखे बरेच विद्यार्थी माझ्या हाताखालून गेलेत. कॅप्टनसाहेबांचा प्रस्ताव आहे तसा घेऊ नका. पण त्यांना सोडूही नका. तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न गुंतलेत: शिकवणार कोण, आणि उडवलेले तास धरले कुठे जाणार. मामेभावाच्या देशात या दोन्हींचं उत्तर एकच माणूस असू शकतो. आपल्याकडे तसं नाही.

अमेरिकेत प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र असलेल्या माणसाला स्वतःच्या नावावर शिकवता येतं. विमान एखाद्या क्लबकडून तासावर भाड्याने घ्यायचं, प्रशिक्षकाला त्याचे पैसे वेगळे द्यायचे. तुम्हाला एकट्याला सोडायचा निर्णय तोच घेतो, तुमच्या लॉगबुकमध्ये तशी नोंद करून सही करतो, आणि ती नोंद ९० दिवसच चालते. नंतर परीक्षा घेणारा परीक्षक वेगळा असतो. म्हणजे त्या सहीमागे प्रशिक्षकाचा स्वतःचा परवाना पणाला लागलेला असतो, म्हणून ही पद्धत तिथे चालते. तुमचा भाऊ नोकरीच्या व्हिसावर होता म्हणून त्याला हे जमलं, आणि परदेशी नागरिक म्हणून त्याला आधी टीएसएची (तिथल्या वाहतूक सुरक्षा खात्याची) सुरक्षा मंजुरी काढावी लागली असणार. इथून फक्त विमान शिकायला जायचं म्हटलं तर एम-१ व्हिसा लागतो. तो मान्यताप्राप्त शाळेच्या कागदावरच मिळतो, एकट्या प्रशिक्षकाच्या चिठ्ठीवर नाही. कंपनीने तुम्हाला दोन वर्षांसाठी तिकडे पाठवलं तर गोष्ट वेगळी, तेव्हा भावाचा रस्ता जरूर धरा. तो परवाना पुढे इथे रूपांतरित करून घेता येतो. मात्र त्यासाठी डीजीसीएची (आपल्या नागरी विमान वाहतुकीच्या नियामकाची) परीक्षा आणि तिथल्या कागदांची पडताळणी होते, तेव्हा प्रत्येक कागद जपून ठेवा.

भारतात परवान्यासाठीचं उड्डाण-प्रशिक्षण डीजीसीएची मान्यता असलेल्या संस्थेतच व्हावं लागतं. विद्यार्थी-वैमानिकाचा परवाना संस्थेमार्फत निघतो, विमान संस्थेच्या मान्यतेत नोंदलेलं असतं, आणि प्रशिक्षक त्या संस्थेत नेमलेला असतो. पीपीएलला किमान ४० तास लागतात. त्यातले काही एकट्याने उडवायचे असतात, आणि १५० सागरी मैलांचा एक लांबचा फेरा करताना दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून दाखवावं लागतं. कॅप्टनसाहेबांच्या मित्राचं विमान खाजगी नोंदणीचं असेल तर ते मोबदला घेऊन वापरताच येत नाही. तिथे तुम्ही पन्नास तास बसलात तरी परवान्याच्या हिशोबात ते शून्य. उतरताना नुसतं पुढचं चाक वाकलं तरी विमा कंपनी पहिला प्रश्न विचारील की डाव्या सीटवर, म्हणजे वैमानिकाच्या जागी, कोण होतं आणि कशाच्या आधारावर. त्याचं उत्तर तुमच्याकडेही नसेल आणि मित्राकडेही.

आणि "तासांचं मी बघतो" हे वाक्य मला अजिबात आवडलेलं नाही. २०११ साली बनावट गुणपत्रिका आणि न उडवलेले तास दाखवून परवाने काढल्याची प्रकरणं देशभर गाजली, काही जणांना अटकही झाली. लॉगबुकातला तास म्हणजे विमान जागेवरून हललं तिथपासून पुन्हा जागेवर थांबलं तिथपर्यंतचा खरा वेळ. विमानाच्या स्वतःच्या नोंदवहीशी तो जुळावा लागतो. कॅप्टन कदाचित अत्यंत सरळ मनाने बोलले असतील, पण जिथे तास "बघावे" लागतात तिथे थांबू नका.

आणखी एक त्यांना नम्रपणे विचारा: प्रशिक्षकाचं रेटिंग आहे का, आणि ते आज चालू आहे का? एअरबसवर हजारो तास झालेले कॅप्टन फार मोठे वैमानिक असतात, मला त्यांच्याबद्दल आदर आहे. पण मोठ्या जेटवर वीस-पंचवीस वर्षं काढल्यावर सेसना १५२ सारख्या छोट्या टू-सीटरमध्ये नवख्या माणसाचे हात-पाय वाचणं हे निराळं काम आहे, आणि कायद्यानेही त्याची पात्रता निराळी आहे.

इथवर मी तुमची निराशाच केली. पण तुमच्या मनातली मूळ इच्छा, म्हणजे एकाच माणसाने सुरुवातीपासून शेवटपर्यंत शिकवावं, ही अगदी योग्य आहे. शाळा निवडताना बहुतेक जण नेमकं हेच विचारायला विसरतात. त्याने काय फरक पडतो ते लँडिंगवरून सांगते, कारण सोलोच्या, म्हणजे एकट्याने केलेल्या पहिल्या उड्डाणाच्या, आधीचा सगळा काळ त्यातच जातो.

सेसना १५२ घेऊन तुम्ही फायनलवर, म्हणजे उतरण्याच्या शेवटच्या सरळ टप्प्यात आहात, वेग साधारण ६० नॉट, धावपट्टी समोर. उंबरठा ओलांडला की थ्रॉटल मागे घ्यायचा. जमीन दहा-पंधरा फुटांवर आली की नाक हळूहळू उचलून विमान जमिनीला समांतर आणायचं. मग ते खाली बसायला लागतं. तुम्ही योक (विमानाचं स्टिअरिंग) आणखी थोडा मागे घेता, ते आणखी थोडं बसतं, पंखाच्या कडेला असलेली, वेग फार घटल्याची सूचना देणारी स्टॉल वॉर्निंग बारीक पिपाणीसारखी वाजायला लागते आणि मागची दोन चाकं टेकतात. पुढचं चाक तुम्ही अजून वरच धरून ठेवलेलं असतं. एवढ्या सगळ्याला पाच-सहा सेकंद लागतात.

या पाच-सहा सेकंदांत नवशिका काय करतो? त्याची नजर नाकासमोरच्या डांबरावर खिळते. डांबर अंगावर धावून येतंय असं वाटून तो योक एकदम ओढतो, विमान पुन्हा वर उचललं जातं, वेग संपतो. किंवा उलट, तो ओढायला उशीर करतो, पुढचं चाक आधी आपटतं आणि विमान उड्या मारायला लागतं. उपाय दोन्हीचा एकच, नजर धावपट्टीच्या पार टोकाला न्यायची. पण हे सांगायची प्रत्येक प्रशिक्षकाची भाषा वेगळी असते. एक म्हणतो "लांब बघ", दुसरा म्हणतो "आता धर", तिसरा म्हणतो "उतरूच देऊ नकोस त्याला". तिन्ही बरोबरच आहेत. मात्र सोमवारी एक, बुधवारी दुसरा आणि शुक्रवारी तिसरा बाजूला बसला, की विद्यार्थ्याच्या डोक्यात तीन सूचना एकदम वाजतात आणि हात गोठतात. एकाच्याच शेजारी सलग बसलात तर आठवड्याभरात त्याला नुसतं "लांब" म्हणावं लागतं, आणि पुढे तेही नाही.

उजव्या सीटवरून मी विद्यार्थ्याचं लँडिंग बघतेच, पण त्याहून जास्त त्याची बोटं बघते. योक मुठीत आवळला आहे की तीन बोटांनी धरला आहे, हातावरचा जोर कमी करणारी ट्रिम लावली आहे की जोर लावून नाक धरून ठेवलंय, उजवा पाय रडरच्या पेडलवर नकळत दाबला जातोय का. या खुणा मागच्या सॉर्टीत, म्हणजे मागच्या उड्डाणात, कशा होत्या हे माहीत असलेल्या माणसालाच आज सुधारणा आहे की थकवा, ते कळतं. नवा प्रशिक्षक आला की त्याची पहिली सॉर्टी तुमची ओळख करून घेण्यातच जाते. ताशी दर पाच आकडी असताना ही ओळख महाग पडते.

अर्थात एकच माणूस हेही टोकाला नेऊ नका. आपल्या विद्यार्थ्याची एखादी चूक रोज बघून प्रशिक्षकाच्या अंगवळणी पडू शकते. म्हणूनच सोलोला सोडण्याआधी वरिष्ठ प्रशिक्षक एकदा स्वतः बसून तपासतो. ती तपासणी चुकवण्याची घाई करू नका.

आता शाळेत गेल्यावर विचारायचं काय? विमानं किती, हे सगळेच विचारतात. तुम्ही विचारा की आज सकाळी त्यातली किती उडाली. हँगरमध्ये इंजिन उघडून ठेवलेली विमानं मोजण्यात अर्थ नसतो. मग विचारा की चालू विमानामागे विद्यार्थी किती, देखभालीचा इंजिनीअर तिथेच राहतो की बाहेरून येतो, आणि गेल्या वर्षभरात किती प्रशिक्षक सोडून गेले. एअरलाइनची भरती निघाली की तरुण प्रशिक्षक जाणारच, त्यात त्यांचा दोष नाही, पण ज्याच्याकडे तुम्ही सुरू कराल तो पुढचे चार महिने आहे का, हे त्याला स्वतःलाच विचारा. बहुतेक जण खरं सांगतात. सहायक प्रशिक्षक मिळाला म्हणून नाराज होऊ नका. तो वरिष्ठांच्या देखरेखीखाली शिकवतो आणि पुष्कळदा त्याच्याकडे तुमच्यासाठी जास्त वेळ असतो. शाळेच्या मुख्य प्रशिक्षकाला लेखी विनंती करा की सोलोपर्यंत प्रशिक्षक बदलू नये, आणि बदललाच तर नव्याने जुन्याशी बोलून तुमची फाइल वाचावी. ऑफिसमधल्या गोड बोलण्यापेक्षा दुपारी कँटीनमध्ये बसलेल्या पोरांकडून जास्त कळेल. गेल्या महिन्यात प्रत्येकी किती तास मिळाले, एवढंच विचारा.

ठाण्याहून शनिवार-रविवार करण्याबद्दल माझं मत पक्कं आहे: सोलोपर्यंत तरी करू नका. मुंबईत घराजवळ शिकता आलं असतं तर वेगळं बोलले असते. जुहूचं विमानतळ १९२८ चं. कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जेआरडी टाटा १५ ऑक्टोबर १९३२ ला उतरले ते याच जुहूला, आणि मुंबईतल्या कितीतरी वैमानिकांनी पहिले धडे तिथेच गिरवले. पण सांताक्रूझचं मोठं विमानतळ तिथून अगदी हाकेच्या अंतरावर आहे. १९७२ मध्ये जपान एअरलाइन्सचं भलंमोठं डीसी-८ सांताक्रूझ समजून जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरलं होतं, इतकी ती जवळ आहेत. मोठ्या विमानांची रीघ, खाली जुहूची हेलिकॉप्टरं आणि आता नवी मुंबईची भर, अशा आकाशात नवशिक्याने सर्किट, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या सरावाच्या फेऱ्या, मारत बसायला जागा उरलेली नाही. म्हणून मुंबईकराला बारामती, धुळे, शिरपूर, जळगाव असं बाहेर पडावंच लागतं. बारामती ठाण्याहून अडीचशे किलोमीटर, धुळं तीनशेच्या आसपास.

शुक्रवारी रात्री ऑफिस सुटल्यावर गाडी हाकत जायचं, चार तास झोपायचं, पहाटे विमानात बसायचं. शनिवारी हवा खराब, रविवारी विमान दुरुस्तीला, सोमवारी परत लॉगइन. असे दोन आठवडे गेले की तिसऱ्या आठवड्यातली पहिली सॉर्टी जुनं आठवण्यातच जाते. फ्लेअरचा, म्हणजे उतरताना नाक कधी उचलायचं याचा, अंदाज हातात बसायला लागलेला असतो तेव्हा मधली दहा दिवसांची सुट्टी फार नुकसान करते. शिवाय झोपमोड झालेला विद्यार्थी मला विमानात नको असतो, आणि चांगली शाळा त्याला उडू देणारही नाही.

त्याऐवजी रजा साठवा आणि तीन-साडेतीन आठवड्यांचा एक सलग तुकडा काढा, तिथेच राहा. त्यात सोलो होईलच असं वचन मी देत नाही. काहींचं पंधरा तासांत होतं, काहींना तीस लागतात. त्याचा हुशारीशी फारसा संबंध नाही, वयाशी थोडासा आहे. सोलो होऊन हात पक्का झाला की पुढचे तास लांबलेल्या वीकेंडांना जोडून उडवले तरी चालतं. रजा अजिबातच मिळणार नसेल तर मला वाटतं एक वर्ष थांबा. अर्धवट तासांवर पैसे घालून कंटाळून सोडलेली माणसं मी पाहिलीत, आणि त्यांना शिकायची आच कमी नव्हती.

तुकडा कधीचा घ्यावा? ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा. पावसाळ्यात बारामती पर्जन्यछायेत असली तरी ढग खाली येतात आणि पश्चिमेचा वारा नवशिक्याला झेपत नाही. हिवाळ्यात काही सकाळी धुरकं असतं. दृश्यता पाच किलोमीटरपर्यंत येईतो चहा पीत बसावं लागतं, पण एकदा उघडलं की हवा तुपासारखी स्थिर असते. एप्रिल-मे मध्ये दहा वाजल्यानंतर जमीन तापून विमान वर-खाली फेकलं जातं आणि पातळ हवेत इंजिन दमतं. सेसना १५२ चं इंजिन ११० अश्वशक्तीचं, कमाल वजन ७५७ किलो. रिकामं विमानच साधारण सव्वापाचशे किलोचं धरा. त्यात नव्वद-नव्वद किलोची दोन माणसं बसली की इंधनाला जेमतेम पन्नास किलो उरतात, टाक्या भरताच येत नाहीत. तुमचं वजन तुम्ही लिहिलेलं नाही. जास्त असेल तर त्याहून मोठं, चार सीटांचं सेसना १७२ असलेली शाळा बघा. ताशी दर वाढेल, पण दर सॉर्टीला इंधनाची काटकसर करावी लागणार नाही.

आता कॅप्टनसाहेब. त्यांचा खरा उपयोग जमिनीवर आहे आणि तो फार मोठा आहे. हवाई नियम, हवेतलं मार्गनिर्धारण (नेव्हिगेशन), हवामानशास्त्र या विषयांची तयारी ठाण्यात त्यांच्या दिवाणखान्यात बसून करता येईल, त्यासाठी कुठल्या मान्यतेची गरज नाही. रेडिओवर बोलण्याचा सराव त्यांच्याइतका चांगला कोण घेणार? आधी दूरसंचार खात्याकडे असलेली रेडिओची परीक्षा २०२४ च्या भारतीय वायुयान अधिनियमाने डीजीसीएकडे दिली आहे, त्यामुळे जुन्या नोट्स वापरताना पद्धत ताजी आहे का ते बघून घ्या. विमानाची चेकलिस्ट मिळवा, खुर्चीत बसा, डोळे मिटा आणि इंजिन सुरू करण्यापासून सर्किट पूर्ण करण्यापर्यंत प्रत्येक कृती हात हलवून मोठ्याने म्हणा. कॅप्टन समोर बसून मध्येच म्हणतील, "इंजिन बंद पडलं, काय करशील?" शाळेत जाण्याआधी महिनाभर हे केलंत तर पहिल्याच सॉर्टीत तुमची नजर उपकरणं शोधत फिरणार नाही, बाहेर राहील. फेरी संपवून परत आलात की लॉगबुक आणि डिब्रीफची, म्हणजे उड्डाणानंतरच्या चर्चेची, वही त्यांना दाखवा. याचे पैसे त्यांना तासाप्रमाणे आणि मनापासून द्या. एकरकमी कोणालाच देऊ नका, त्यांनाही नाही आणि शाळेलाही नाही. शाळा पूर्ण पॅकेजवर सवलत देऊ करील. तरी दहा-दहा तासांचे हप्ते मागा आणि न उडवलेल्या तासांचे पैसे परत कसे मिळतील ते पावतीवर लिहून घ्या.

या सगळ्याच्या आधी एक काम आहे. तुम्ही प्रश्नाच्या शेवटी ओझरतं लिहिलंय की दोन वर्षांपासून रक्तदाबाची गोळी चालू आहे. पीपीएलला क्लास २ मेडिकल, म्हणजे वैमानिकाची वैद्यकीय तपासणी, लागतं, आणि त्याचा निकाल येईपर्यंत कुठेही पैसे भरू नका. आटोक्यात असलेला रक्तदाब म्हणजे दार बंद असं नाही, पण गोळी कोणती यावर बरंच अवलंबून असतं. वैमानिकांना काही औषधं चालतात, काही चालत नाहीत. मेडिकलच्या आठवड्यात गोळी बंद करून जायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. औषधाचं नाव, गेल्या सहा महिन्यांच्या नोंदी आणि ईसीजी घेऊन डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरांकडे जा, मुंबईत ते आहेत. गोळी बदलावी लागली तर नवी अंगी लागायला वेळ द्यावा लागेल, म्हणून ऑक्टोबरची रजा टाकण्याआधी हे उरका. निकाल आणि तुमचं वजन मला कळवा, म्हणजे कुठल्या शाळेत कुठलं विमान तुम्हाला बसेल ते नेमकं सांगता येईल.